सहाशे बारा खुर्च्या

माझी आत्या एकाहत्तर वर्षांची आहे, आणि दर रविवारी दुपारी चार वाजता ती एका औषधाच्या दुकानामागच्या खोलीत बसून रॉक ऐकते. हे मी कोणाला सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, "त्यांना अजून ऐकू येतं?" येतं. माझ्या बाबांना, म्हणजे तिच्या धाकट्या भावाला येतं त्यापेक्षा कितीतरी चांगलं येतं. शेजारच्या खोलीत मी बिस्किटांचा पुडा उघडला तर कुठला उघडला तेही तिला कळतं.

मला स्वतःला त्या संगीतातलं ओ की ठो कळत नाही. मी जाते ती गाडी चालवायला. आत्याचे गुडघे गेलेत आणि टॅक्सीत ती बसत नाही, कारण टॅक्सीच्या सीटचं काम इतकं वाईट असतं की तिचा जीव वर-खाली होतो. म्हणून गेली चार वर्षं माझे रविवार तिच्या नावावर जमा आहेत. सुरुवातीला मी तिथे वर्तमानपत्र वाचत बसायचे. आता नुसतीच बसते.

ती खोली खरं तर औषधवाल्या काकांचं गोदाम. तीन भिंतींना खोकल्याच्या औषधाची खोकी, चौथ्या भिंतीत उंचावर दुधी काचेची खिडकी. चारच्या सुमाराला त्या काचेतून ऊन असं गाळून येतं की खोलीतल्या सगळ्यांचे केस एकाच रंगाचे दिसतात. मध्ये जुना कॅसेटप्लेअर, दोन बाजूंना छोट्या कपाटाएवढे दोन स्पीकर आणि एकीचा दुसरीशी संबंध नाही अशा पाच खुर्च्या. त्यातली सर्वांत बरी खुर्ची आत्याला मिळते. तिला वाटतं, वयामुळे मिळते.

बसणारे तिघे. पहिले काका, ज्यांचं दुकान. दुसरे सर. शाळेत तीस-बत्तीस वर्षं नववीला विज्ञान शिकवून निवृत्त झाले, पण बोलताना बोटांत अजून न दिसणारा खडू असतो. तिसऱ्या टेलिफोनबाई, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केलेल्या. त्यांच्या डोक्यात एकदा गेलेली तारीख परत बाहेर पडत नाही. हे तिघे आणि आत्या तरुणपणी एकाच हॉलमध्ये, एकाच बँडच्या कार्यक्रमांना जात होते, पण एकमेकांना ओळखत नव्हते. बारा वर्षांपूर्वी काकांनी दुकानाच्या काचेवर एक चिठ्ठी लावली, 'हॉलमधल्या जुन्या टेप कोणाकडे आहेत का?', तेव्हा ओळख झाली.

बँडला ते 'चौघे' म्हणतात. खरं नाव होतं, पण घरातल्या माणसाला कोणी आडनावाने हाक मारत नाही, तसं ते खरं नाव घेत नाहीत. गिटारवाला तो 'चष्मेवाला', आणि ड्रम वाजवणारा 'सुतार', कारण तो खिळे ठोकायला बसल्यासारखा बसायचा. टेप सगळ्या चोरट्या. कोणी कोटाच्या आत, कोणी डब्याच्या पिशवीत रेकॉर्डर लपवून नेलेला. गाण्यापेक्षा शेजारच्याचं नाक ओढणं जास्त स्पष्ट. तरी टेप सुरू झाली की तिघे डोळे मिटतात, आणि सुरुवातीच्या त्या खरखरीत हळूहळू कुठेतरी निघून जातात. चेहऱ्यांवरच्या सुरकुत्या सैल पडतात. टेलिफोनबाईंची चप्पल जमिनीवर ताल धरते आणि मध्येच हवेत थांबते, जणू त्या हॉलच्या पायऱ्या चढतायत. मी कितीतरी वेळा त्यांना पाहता पाहता स्वतःच पेंगले आहे.

डोळे उघडे असतात ते फक्त आत्याचे. ती स्पीकरकडे बघत असते, समोर बसलेल्या माणसाचं बोलणं ऐकून घ्यावं तशी.

टेप संपली की आठवणी. कोण कुठल्या रांगेत होतं, कोणाचा बूट गर्दीत हरवला आणि तो एकाच बुटावर घरी कसा गेला. बाबा एकदा माझ्याऐवजी आत्याला न्यायला आले होते. तासभर ऐकून घरी येऊन म्हणाले, "मेल्या म्हशीला मणभर दूध. मी पण गेलो होतो त्या हॉलमध्ये, मला तर नुसते कान दुखलेले आठवतात."

पण एक गोष्ट त्या खोलीत दर रविवारी यायचीच. हॉलचे दोन काळ होते, खुर्च्यांच्या आधीचा आणि खुर्च्यांच्या नंतरचा. आधी सगळ्या लाकडी, उघड्या, करकरणाऱ्या खुर्च्या होत्या. मग एका वर्षी हॉल चार महिने बंद ठेवून सगळ्यांना गाद्या बसवल्या, लाल कापड चढवलं, आणि सरांच्या म्हणण्याप्रमाणे त्या दिवशी हॉल मेला.

"कापड आवाज पितं," सर हवेत खडू फिरवत म्हणायचे. "कोण होता कोण जाणे तो उशीमास्तर! त्याने हॉलच्या तोंडावर उशी दाबली. आधी गिटारचा एक सूर छताला लागून परत यायचा, अंगावर शहारा यायचा. नंतर? चष्मेवाला वाजवतोय आणि आपण जणू शेजारच्या घरात बसलोय."

"आणि आता तिथे सोफ्यांचं दुकान आहे," काका म्हणायचे. "शेवटी गाद्याच जिंकल्या."

मग सगळे हसायचे. आत्याही थोडी हसायची आणि आपल्या अंगठ्यांकडे बघायची. तिच्या दोन्ही अंगठ्यांवर खिळे धरून धरून कडक झालेली कातडी आहे. कारण तो उशीमास्तर म्हणजे माझी आत्या.

आमच्या आजोबांचा खुर्च्यांच्या गाद्या करायचा कारखाना होता. कारखाना म्हणजे लांबट शेड, दोन मशिनं, काथ्याचे ढीग आणि कायम शिंकणारे चार कारागीर. आत्या शाळेतून आली की तिथेच असायची. सोळाव्या वर्षी दाभण चालवायला लागली. एकोणिसाव्या वर्षी ती चौघांच्या कार्यक्रमाला पहिल्यांदा गेली आणि परत आली ती वेगळीच मुलगी, असं बाबा सांगतात. दोन दिवस जेवली नाही. आजीला वाटलं, प्रेमात पडली. तेही काही खोटं नव्हतं.

ती सव्वीस वर्षांची असताना हॉलचं काम निघालं. आजोबा आजारी होते. हॉलच्या मॅनेजरने विचारलं, "कारखान्यातून कोण येईल?" आत्या म्हणाली, "मी." तिने आयुष्यात तेव्हापर्यंत केलेलं सगळ्यात मोठं काम म्हणजे एका दवाखान्याची चोवीस बाकं. इथे सहाशे बारा खुर्च्या होत्या. आपल्या जिवाभावाच्या जागेतली प्रत्येक खुर्ची हाताखालून जाणार, या आनंदात तिने रात्रभर हिशोब केला आणि दोनदा चुकवला.

त्या चार महिन्यांबद्दल ती बोलायला लागली की तिचा आवाज बदलतो. सकाळी हॉल उघडायचा तेव्हा आत अंधार आणि थंडावा. दारातून आलेल्या उन्हाच्या पट्ट्यात काथ्याची धूळ तरंगत राहायची. एकेक रांग उखडून बाहेर न्यायची, खुर्ची उलटी केली की खालून काय काय निघायचं. केसांच्या पिना, फाटकी तिकिटं, 'उद्या पाचला, विसरू नकोस' एवढंच लिहिलेला कागद, आणि एकदा तर चक्क वरच्या दातांची कवळी. दुपारी कारागीर जेवायला गेले की आत्या रिकाम्या स्टेजच्या कडेला पाय सोडून बसायची आणि मनातल्या मनात अख्खा कार्यक्रम ऐकायची. ती म्हणते, तेव्हा तिला खरोखर ऐकू यायचं. सुताराचा पहिला ठोका पडायचा, मग बाकीचे एकामागून एक आत यायचे, आणि डबा तसाच राहायचा.

मॅनेजरला खुर्च्यांच्या पाठीलाही गाद्या हव्या होत्या. आत्याने भांडून पाठी उघड्या लाकडाच्या ठेवल्या, आवाजाला कुठेतरी आपटायला जागा हवी म्हणून. आणि एक गोष्ट तिने कोणी न सांगता केली. त्या खुर्च्यांची बैठक उठल्यावर आपोआप वर जाऊन पाठीवर आपटायची. शेवटचं गाणं संपून लोक उभे राहिले की सहाशे बैठका धाडधाड वाजायच्या आणि त्या गडबडीत शेवटचा सूर मरायचा. आत्याला त्याचा फार राग यायचा. तिने प्रत्येक बिजागरीपाशी जाड लोकरी कापडाची पट्टी चिकटवली. एका खुर्चीला दोन. बैठक वर जाई, पण गुपचूप.

काम संपलं त्या दुपारी ती स्टेजवर उभी राहिली आणि तिने एक टाळी वाजवली. असं ती कामाच्या आधीही करून बघत असे. तेव्हा टाळी हॉलभर फिरून तिच्याकडे यायची. या वेळी ती आली नाही. आत्याने दुसरी वाजवली, तिसरी वाजवली. झाडणारा माणूस म्हणाला, "बाई, पाखरं गेली केव्हाच, कोणाला हाकलताय?" ती घरी येऊन आजोबांच्या उशाशी बसली.

पुढच्या कार्यक्रमाला लोक पायऱ्यांवर कुजबुजायला लागले, मजा राहिली नाही, काहीतरी गेलं. चोराच्या मनात चांदणं. तिने ते ऐकलं आणि तिची खात्री पटली.

हे सगळं तिने मला तीन वर्षांपूर्वी एका रविवारी गाडीत सांगितलं. त्या दिवशी सरांनी उशीमास्तराची जरा जास्तच चंपी केली होती. मी इतकी चिडले की सिग्नल हिरवा झालेला मला दिसला नाही.

"अगं मग सांग ना त्यांना! किती दिवस मूग गिळून बसणार?"

"काय सांगू? खोटं का बोलतायत ते? मी स्वतः टाळी वाजवून बघितलीय."

"त्यांना वाटतं तू कपडे शिवतेस."

"मी म्हटलं होतं, शिवते. काय शिवते ते त्यांनी विचारलं नाही."

"आत्या!"

"हे बघ, हॉल गेला. चौघांतले दोघे गेले. माझ्या वयाची, ती गाणी माहीत असलेली माणसं आता या जगात मला ही तीनच ठाऊक आहेत. त्यांना सांगितलं की यांची आवडती गोष्ट मी मारली, तर मग रविवारी चार वाजता मी कुठे जाऊ? तुझ्या बापाबरोबर क्रिकेट बघू?"

मागच्या गाडीवाल्याने हॉर्न वाजवला आणि आम्ही निघालो.

तेव्हा तिने आणखी एक गोष्ट सांगितली, जी मला त्याहून जास्त लागली. खुर्च्यांनंतर हॉल आणखी बावीस वर्षं चालला. चौघे दरवर्षी यायचे. आत्या प्रत्येक कार्यक्रमाला गेली, तिकीट काढून. "पण गाणं मी एकही ऐकलं नाही," ती म्हणाली. "मी आपली कापड ऐकत बसायचे. इथे किती आवाज प्यायला, तिथे किती प्यायला. ते वाजवायचे आणि मी खुर्च्या मोजायचे." त्यानंतर उशीमास्तराचा विषय निघाला की मी उठून दुकानात जायचे आणि उगाच टूथपेस्ट विकत घ्यायचे. आमच्या घरात टूथपेस्टचा साठा झाला.

मग मागच्या महिन्यातला तो रविवार.

काका दारातच उभे होते. त्यांच्या मेव्हण्याने घर बदललं, माळ्यावरच्या खोक्यात त्याला एक कॅसेट सापडली, आणि तिच्यावर पेन्सिलने लिहिलं होतं, 'चौघे. हॉल. पूर्ण.' बाकी काही नाही. तारीख नाही, साल नाही. मेव्हण्याला आठवत नव्हतं ती कोणाची. काकांनी ती दोन्ही हातांत अशी धरली होती की मला वाटलं आधी हात धुवायला सांगतील.

त्यांनी कॅसेट होती तशीच आत घातली. ती कोणीतरी दुसऱ्या बाजूवर ठेवून दिलेली होती, म्हणजे कार्यक्रमाचा उत्तरार्ध आधी लागला. आणि काय सांगू, मला त्यातलं काही कळत नाही तरी मी ताठ बसले. खरखर जवळपास नव्हतीच. कोणाचं नाक नाही, कोणाचा खोकला नाही. चष्मेवाल्याने एक सूर काढला आणि तो त्या खोक्यांच्या खोलीत असा पसरला की खोलीला छतच नाही असं वाटलं. तो वर गेला, थोडा थांबला, आणि परत आला. टेलिफोनबाईंनी पदराने डोळे टिपले. काकांचा हात हवेत तसाच राहिला. अर्धा तास कोणी हललं नाही. दुधी काचेतून आलेलं ऊन हळूहळू जमिनीवरून पुढे सरकलं.

शेवटचं गाणं संपलं. लोकांचा गलका झाला, बराच वेळ चालला, आणि टेप खट्कन बंद पडली.

"ऐकलंत?" सर घोगऱ्या आवाजात म्हणाले. "हा हॉल! हा खरा हॉल! उशीमास्तराचा हात लागण्याआधीचा. असा सूर नंतर आयुष्यात ऐकला नाही."

"अगदी पहिल्या वर्षांतली असणार," काका म्हणाले. "सोन्याच्या दिवसांतली."

मी टूथपेस्टसाठी उठले. तेवढ्यात आत्या म्हणाली, "शेवट परत लावा."

"पूर्ण गाणं?"

"नाही. गाणं संपल्यानंतरचं."

काकांनी मागे घेऊन लावली. शेवटचा सूर लांबत गेला, विरत गेला, आणि मग लोक. आत्या पुढे वाकून ऐकत होती. "परत," ती म्हणाली. परत लावली. मग ती म्हणाली, "आता तुमची नेहमीची जुनी लावा. तिचा शेवट."

ती टेप खुर्च्यांच्या आधीची, त्यांनी शंभर वेळा ऐकलेली, तिची तारीख टेलिफोनबाईंना वारासकट पाठ. शेवटचं गाणं संपलं, आणि गलक्याबरोबर धाडधाडधाड आवाज आला, बटाट्याचं पोतं जिन्यावरून सोडल्यासारखा.

"या बैठका," आत्या म्हणाली. "लोक उभे राहिले की आपटायच्या. नव्या टेपमध्ये त्या वाजत नाहीत."

"लोक उभे राहिले नसतील," सर म्हणाले.

"चौघांसाठी? उभे राहिले नसतील?" टेलिफोनबाईंना हे अजिबात पटलं नाही. "आणि पायांचा आवाज आहे की. उभेच आहेत सगळे."

"मग वाजत का नाहीत?" काकांनी विचारलं.

"कारण मी बिजागऱ्यांना पट्ट्या लावल्या होत्या," आत्या म्हणाली. "सहाशे बारा खुर्च्यांना, एकीला दोन. ही टेप खुर्च्यांच्या नंतरची आहे. आणि सर, उशीमास्तर कोण होता कोण जाणे असं तुम्ही दर रविवारी म्हणता. तर ती मी."

मी खुर्चीची पाठ धरून उभी होते. बाहेर दुकानात कोणीतरी काउंटरवर नाणं वाजवून म्हणालं, "अहो, डोकेदुखीची गोळी!" काका जागचे हलले नाहीत. मला वाटलं, संपलं. आता आत्या उठेल, मी गाडी काढेन आणि पुढच्या रविवारी क्रिकेट.

सरांनी चष्मा काढला. पुसला. परत घातला. "पण आवाज मेला होता," ते म्हणाले. हट्ट नव्हता त्यात. गोंधळलेल्या मुलासारखे बोलले.

"मेलाच होता. मी टाळी वाजवून बघितली होती. परत आली नाही."

"कधी बघितलीत?"

"काम संपलं त्या दुपारी."

"हॉलमध्ये तेव्हा कोण होतं?"

"कोणी नाही. मी आणि झाडणारा."

सर तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला आधी वाटलं त्यांना काहीतरी होतंय. ते हसत होते, आणि हसताना त्यांच्या डोळ्यांत पाणी येत होतं.

"ताई, रिकाम्या हॉलमध्ये टाळी वाजवून तुम्ही भरलेल्या हॉलची परीक्षा घेतलीत! अहो, माणूस म्हणजेच गादी. लाकडी खुर्चीवर माणूस बसला की लाकूड झाकलं गेलं, गादीच्या खुर्चीवर बसला की गादी झाकली गेली. हॉल गच्च भरला की खाली लाकूड आहे की मखमल, आवाजाला फारसं कळतच नाही. रिकामा असतानाच फरक पडतो. हे मी नववीला..." इथे ते थांबले. "हे मी नववीला तीस वर्षं शिकवलं. आणि दर रविवारी इथे बसून..."

"दिव्याखाली अंधार," टेलिफोनबाई म्हणाल्या. त्या कोणाला सोडत नाहीत.

आत्याचे दोन्ही हात मांडीवर उताणे पडले होते. मी जाऊन तिच्या खुर्चीच्या हातावर बसले. ती खुर्ची करकरली, आणि एरवी ती मला ओरडली असती, पण तिचं लक्ष नव्हतं.

"पण मग आपल्याला का वेगळं वाटलं?" काकांनी विचारलं. "मला वाटलं होतं. मी शपथेवर सांगतो, त्या वर्षापासून मजा कमी झाली."

टेलिफोनबाई म्हणाल्या, "त्या वर्षी माझं लग्न झालं. घरी काय म्हणतील या काळजीत मी शेवटचं गाणं सोडून निघायचे."

"मी शाळेत लागलो," सर म्हणाले. "पेपर तपासायचे राहिलेले असायचे. पिशवीत घेऊन जायचो."

काकांनी दुकानाच्या दिशेने नुसता हात केला. "कावळा बसायला आणि फांदी तुटायला," ते म्हणाले. "आपण मोठे झालो, आणि नेमक्या त्याच वर्षी यांनी गाद्या बसवल्या."

सर उठले. ते आत्यासमोर येऊन उभे राहिले, शाळेत उशिरा आलेला मुलगा दारात उभा राहतो तसे. "ताई, बारा वर्षं मी तुम्हाला तोंडावर..."

"ते नंतर," आत्या म्हणाली. "तुम्हाला मी सोडणार नाहीये. पण आधी ती पहिली बाजू लावा. मला बघायचंय कधीची आहे."

काकांनी कॅसेट उलटी केली. लोकांची कुजबुज, कोणीतरी माइकवर फुंकर मारली, आणि गाणाऱ्याचा आवाज आला. तो हसत सांगत होता, आज आमच्या सुताराला पहाटे मुलगी झाली, माणूस झोपलेला नाही, तेव्हा ठोके चुकले तर सांभाळून घ्या. हॉल हसला. सुताराने एक ठोका दिला.

"खुर्च्यांनंतरचं तिसरं वर्ष," टेलिफोनबाई लगेच म्हणाल्या. "मार्चचा दुसरा शनिवार."

आत्याने काकांना हाताने थांबवलं. टेप थांबली.

"या दिवशी मी होते," ती म्हणाली. "डावीकडून दहावी रांग. सुताराच्या मुलीचं मला आठवतंय. माझ्या पुढच्या माणसाने ते ऐकून टोपी उडवली होती."

"काय सांगता!" काका म्हणाले. "मग सांगा ना, कसा झाला होता कार्यक्रम?"

आत्याने त्यांच्याकडे पाहिलं. एकाहत्तर वर्षांच्या त्या चेहऱ्यावर मला इतकं उघडं दुःख पूर्वी कधी दिसलं नव्हतं. आजी गेली तेव्हासुद्धा नाही.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "मी ऐकलाच नाही."

बाहेर डोकेदुखीवाला कंटाळून निघून गेला असावा. सरांनी स्वतः वाकून बटण दाबलं, आवाज थोडा वाढवला, आणि जाऊन आपल्या जागी बसले.

गाणं सुरू झालं. ऊन जमिनीवरून सरकत आत्याच्या पावलांपर्यंत आलं होतं. मी तिच्याकडे बघत होते. पहिल्या ओळीला ती तशीच समोर बघत होती, सवयीने. दुसऱ्या ओळीला तिच्या पापण्या जड झाल्या. मग तिने डोळे मिटले, आणि थोड्या वेळाने तिचे ओठ हलायला लागले. मी कान जवळ नेला. ती गात होती, अगदी हळू, थोडी बेसूर, पण शब्द न् शब्द बरोबर. गिटारचा तो सूर वर गेला तशी तिची मान वर गेली, आणि डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं ते तिने पुसलं नाही.

डोळे न उघडताच तिने माझा हात चाचपडून धरला.

"अगं," ती म्हणाली, "किती छान वाजवत होते गं."